फाब्रची जाळी-झाकणं : स्मृतिदालनाच्या कामाच्या नोंदी, नाशिक

९ जून २०२५
येत्या ११ ऑक्टोबरला फ्रेंच कीटकनिरीक्षक ज्याँ-आंरी फाब्रला जाऊन ११० वर्षं होतात. वाचनालयाची मागची खोली चार महिन्यांसाठी मिळाली आहे : १८ × १२ फूट, एक खिडकी उत्तरेला, एक पश्चिमेला. पश्चिमेची खिडकी आजच खाकी कागदाने बंद केली. दुपारी तीननंतर तिथून ऊन थेट आत येतं, आणि जाळीखालचा कुठलाही किडा अर्ध्या तासात मरायला तेवढं पुरतं.

मूळ आराखडा बारा फलकांचा होता : जन्म, शिक्षण, ग्रंथ, सन्मान, निधन. तो रद्द. फलक चारच राहतील. बाकी जागेत फाब्रचे प्रयोग पुन्हा मांडायचे, जमेल तिथे जिवंत किड्यांवर. त्याच्या किड्यांतले बरेचसे दक्षिण फ्रान्सचे आहेत. त्यांचे इथले भाऊबंद शोधायचे, आणि जिथे भाऊबंद नाही तिथे प्रतिकृती करून ती प्रतिकृती आहे असं लिहायचं.

दालनाचं नाव ‘आर्मास’. दक्षिण फ्रान्समधल्या सेरिन्याँ गावाबाहेरची साधारण हेक्टरभर दगडगोट्यांची जमीन फाब्रने १८७९ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी घेतली, तिचं हे नाव. प्रोव्हाँसच्या बोलीत त्याचा अर्थ नांगर न लागलेलं रान. आपल्या भाषेत बरड.

१४ जून
खरेदी. फाब्रचं मुख्य उपकरण म्हणजे अन्नावर ठेवतात ते तारेच्या जाळीचं घुमटासारखं झाकण, आणि त्याखाली वाळू भरलेली मातीची कुंडी. भांडी बाजारात स्टीलच्या जाळीची झाकणं मिळाली : १४ इंची सहा, १० इंची चार. प्लास्टिकची रंगीत जाळी घेतली नाही. शेणकिडे ती एका रात्रीत कुरतडत नाहीत, पण कडा वर उचलून निसटतात, कारण तिला वजनच नसतं.

कुंड्या साध्या, बिनरंगाच्या. रंगवलेली कुंडी पाणी बाहेर सोडत नाही आणि तळाशी चिखल साचतो. प्रत्येक कुंडीच्या तळाच्या भोकावर खापरी आणि तिच्यावर नायलॉनच्या मच्छरदाणीचा तुकडा.

एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवतो : वनखात्याच्या हद्दीतून काही आणायचं नाही. शेतबांध, मळे आणि घरांच्या भिंती एवढंच आपलं क्षेत्र.

२१ जून
शेणकिड्यांच्या कुंड्या भरल्या. पहिल्यांदा नुसती काळी माती घेतली होती. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि भेगांतून किड्यांची बिळं ढासळतात. आता चाळलेला पोयटा तीन भाग, नदीची वाळू एक भाग, दहा इंच खोल. ओल तपासायची खूण : मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पण बोटांमधून पाणी सुटता कामा नये.

किडे मखमलाबादच्या बाजूच्या गायरानातून, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान. गोळा ढकलणारे, सव्वा सेंटिमीटरच्या आसपासचे, काळसर, जिम्नोप्ल्युरस वंशातले. ओळखायची सोपी खूण म्हणजे पाठीवरच्या टणक पंखांना बाजूने असलेली खाच. उडताना हे किडे वरचे पंख उघडतच नाहीत, खालचे पंख त्या खाचेतून बाहेर काढतात. फाब्रचा ‘पवित्र भुंगेरा’ (तोही गोळा ढकलणारा शेणकिडाच) यांच्यापेक्षा बराच मोठा, पण जिम्नोप्ल्युरसवरही त्याने लिहिलं आहे, त्यामुळे तुलना ओढूनताणून आणलेली नाही.

एका कुंडीत सहा किडे, दर दिवसाआड २५० ग्रॅम शेण. शेण दोन तासांच्या आतलं उचलायचं, डब्यात बंद करून फ्रीजरमध्ये ४८ तास ठेवायचं आणि मग सामान्य तापमानाला आणून द्यायचं. गोठवलं नाही तर त्यातल्या माश्यांची अंडी फुटतात आणि चौथ्या दिवशी कुंडीत शेणकिड्यांपेक्षा माश्यांच्या अळ्या जास्त होतात. फ्रीजर वेगळा लागतो, हे सांगायला नकोच.

२८ जून
दुसऱ्या कुंडीतले किडे खातात, गोळे करतात, सगळं नीट दिसतं. पण पहिल्या कुंडीच्या तुलनेत तिथे मातीत काहीच पुरलेलं नाही. शेण कुठून आलं ते विचारलं. त्या गोठ्यात पंधरा दिवसांपूर्वी जनावरांना आयव्हरमेक्टिन टोचलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर जंतनाशक देतातच, त्यात गोठ्याचं काही चुकलं नाही. हे औषध शेणातून काही आठवडे बाहेर पडत राहतं. मोठे किडे सहसा तगतात, पण अळ्या मरतात, आणि अळ्यांवर नजर ठेवणारा प्रयोग फुकट जातो. यापुढे शेण घेण्याआधी शेवटचं जंतनाशक कधी दिलं ते विचारून डब्यावर लिहायचं. चार आठवडे झाले नसतील तर घ्यायचं नाही. दुसरी कुंडी रिकामी करून माती बदलली.

५ जुलै
टसरचे कोश. फाब्रची ती प्रसिद्ध मे महिन्यातली रात्र इथे करून बघायची आहे. सकाळी मोठ्या मयूर पतंगाची मादी कोशातून निघाली, तिला त्याने जाळीखाली ठेवलं, आणि रात्री घरभर नर घुसले, साधारण चाळीस. पुढच्या आठ रात्रींत मिळून दीडशे. तो पतंग आपल्याकडे नाही. त्याच कुळातला टसर रेशमाचा पतंग आहे, आणि तो बोरीवर, अर्जुनावर, ऐनावर मिळतो.

त्र्यंबक रस्त्यालगतच्या शेतांच्या बांधावरून, मालकांना विचारून, अकरा कोश आणले. निवड अशी केली :

कानाजवळ हलवायचा. जिवंत कोष आत जड वाजतो, ‘टक’ असा एकच आवाज. मेलेला वाळलेल्या शेंगेसारखा खुळखुळतो. देठाच्या टोकाला मोठं भोक म्हणजे पतंग उडून गेला. बाजूला बारीक गोल भोक म्हणजे परजीवी माशी किंवा गांधील बाहेर पडली. अकरापैकी तीन असे निघाले, आठ उरले.

कोश उभे टांगायचे, देठ वर. बाहेर पडलेल्या पतंगाला पंख लोंबकळत सोडायला खाली किमान १५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. डब्यात आडवे ठेवलेले दोन कोश आम्ही विसरलो. त्यांतून काल रात्री निघालेल्या नराचे पंख चुरगळलेलेच वाळले. ते पुन्हा सरळ होत नाहीत.

१२ जुलै
या आठवड्यात एका संध्याकाळी मादी निघाली. पिवळसर राखाडी, मिशा अरुंद. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात आणि रंग विटकरी, त्यामुळे गोंधळ होत नाही.

वाचनालयाच्या गच्चीवर पहिली रात्र वाया गेली. एकही नर नाही. रस्त्यावरचे दिवे, आणि शहरात टसरची झाडंच किती, ही दोन कारणं. दुसऱ्या रात्री मादी शेतावर नेली, जिथून कोश आणले तिथेच. दहा इंची दोन झाकणं तोंडाला तोंड लावून तारेने बांधली आणि छातीच्या उंचीवर बोरीला टांगली. विजेऱ्यांवर लाल कागद. मध्यरात्रीनंतर नर यायला लागले. पहाट व्हायच्या आत पाच मोजले.

मग फाब्रच्या चाचण्या, त्याच्याच क्रमाने.

वास दाबून टाकायची चाचणी : त्याने मादीभोवती नॅप्थलिनच्या बशा ठेवल्या होत्या. आम्ही डांबरगोळ्या ठेवल्या, पिंजऱ्याभोवती बारा. माणसाला तिथे उभं राहवत नव्हतं. नर आले.

बंद काचेची चाचणी : मादी घट्ट झाकणाच्या बरणीत, दिव्याखाली सहज दिसेल अशी. शेजारी रिकामा पिंजरा, त्यात मादी आदल्या रात्री ज्या फांदीवर बसली होती ती फांदी. त्या रात्री आलेले दोन्ही नर फांदीकडे गेले. बरणीकडे कुणी फिरकलं नाही. फाब्रने हे ओकवरच्या दुसऱ्या एका पतंगावर केलं होतं आणि निकाल असाच होता.

आकडे अगदी थोडे आहेत, त्यामुळे फलकावर ‘सिद्ध झालं’ लिहायचं नाही. ‘असं दिसलं’ लिहायचं.

सूचना : मादीला पहिल्या नराशी जुळू दिलं की ती गंध सोडणं थांबवते आणि त्या रात्रीचा प्रयोग संपतो. म्हणून जाळीची भोकं बारीक हवीत आणि पिंजरे जुळतात तिथली फट तारेने शिवलेली हवी.

२० जुलै
फाब्रच्या त्या मे महिन्यातल्या रात्रीचं पुढे काय झालं हे नाशिककरांना वेगळं समजावून सांगायची गरज नाही. गिरणारे, पिंपळगाव, दिंडोरी पट्ट्यातल्या टोमॅटोच्या कुठल्याही वावरात ते काठीला टांगलेलं असतं : मादीच्या गंधाने नरांना ओढणारा कामगंध सापळा.

मधला टप्पा एका ओळीत : रेशमाच्या पतंगाच्या मादीचा गंध नेमका कुठला पदार्थ आहे ते १९५९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ब्यूटेनांटने जाहीर केलं. त्यासाठी सुमारे वीस वर्षं आणि पाच लाख माद्या लागल्या, हाती आला तो काही मिलिग्रॅम पदार्थ. त्याला नाव दिलं बॉम्बिकॉल. फाब्रला स्वतःला हा ‘वास’ आहे असं म्हणायला जड जात होतं. डांबरगोळ्यांच्या भपकाऱ्यातून पार जाणारा वास कसला, हा त्याचा प्रश्न रास्तच होता. उत्तर असं की नराच्या मिशांत मादीच्या गंधासाठीच बनलेल्या पेशी असतात, डांबरगोळीचा भपकारा त्यांच्या आड येत नाही.

या टेबलावर एक फनेल सापळा आणि एक चिकट डेल्टा सापळा ठेवायचा. शेतकरी बघायला येतीलच, म्हणून कार्डावर कामाचंही लिहिलं : घाटेअळीचा सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर, पीक वाढेल तसा तोही वर सरकवायचा. ल्यूर (सापळ्यातली गंधाची वडी) तीन-चार आठवड्यांनी बदलायची. पाकीट फोडेपर्यंत फ्रीजमध्ये. एका किडीची ल्यूर हाताळून त्याच उघड्या हाताने दुसरीची लावू नये. गंध मिसळतो, सापळा रिकामा राहतो आणि शेवटी दोष ल्यूरला दिला जातो.

२ ऑगस्ट
पहिली कुंडी उकरली. सहा-सात इंचांवर पाच गोळे मिळाले, बोराएवढे, पण गोल नाहीत. एका बाजूला निमुळते, छोट्या पेरूसारखे.

या आकारात फाब्रची अठरा वर्षं गेली. त्याच्या कीटकांवरच्या ग्रंथमालेच्या १८७९ च्या पहिल्या खंडात तो ढकलल्या जाणाऱ्या गोळ्याचं वर्णन करतो. तो गोळा म्हणजे किड्याची शिदोरी, त्यात अंडं नसतं. अंड्याचा गोळा जमिनीखाली वेगळा बनतो आणि तो नासपतीच्या आकाराचा असतो, हे त्याला एका मेंढपाळ पोराने उकरून आणून दिल्यावर कळलं आणि १८९७ च्या पाचव्या खंडात आलं. अंडं असतं ते निमुळत्या टोकात. तिथला थर पातळ आणि सैल, त्यामुळे हवा खेळते. पोटाचा भाग जाड, म्हणून तो आतून ओला राहतो आणि अळीचं अन्न वाळत नाही.

दाढीच्या नव्या पात्याने एका गोळ्याला बाजूने ४ मिलिमीटरची खिडकी पाडली. आत अळी, पाठीला कुबड, पांढरी, आतली काळी विष्ठा कातडीतून दिसते. भिंगाखाली बघत होतो. अळीने आधी डोकं खिडकीशी आणलं, मग स्वतःला वळवून मागचं टोक आणलं, भोकावर विष्ठेचा लगदा सोडला आणि त्याच टोकाने तो थापला. आठ-नऊ मिनिटांत खिडकी बंद. फाब्रने पवित्र भुंगेऱ्याच्या अळीबद्दल हेच लिहिलं आहे. पुन्हा पाडली, पुन्हा बुजवली. तिसऱ्यांदा पाडली नाही. प्रत्येक वेळी थोडं अन्न वाळतं.

म्हणजे उघडी खिडकी ठेवून लोकांना दाखवायचा बेत बारगळला. त्याऐवजी या नऊ मिनिटांचं चित्रीकरण दाखवायचं. मोबाईलला क्लिप-ऑन भिंग, बाजूने एक पांढरा दिवा, आणि दिव्याच्या उष्णतेने गोळा तडकू नये म्हणून मध्ये पाण्याची काचेची बाटली.

१७ ऑगस्ट
कुंभारीण, म्हणजे मातीचं घरटं बांधणारी गांधील. ज्यासाठी हे दालन करायचं ठरलं ते खरं म्हणजे हेच टेबल.

भृंगी आणि कीटकाचा दृष्टांत इथे येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असणार : कुंभारीण अळीला मातीच्या घरात कोंडते, अळी भयाने तिचंच चिंतन करते आणि शेवटी स्वतः कुंभारीण होऊन बाहेर पडते. कीर्तनात शंभरदा ऐकलेली गोष्ट. तिची थट्टा करायची नाही असं ठरलं आहे, आणि कारण सौजन्य नाही. दोन्ही टोकांचं निरीक्षण अचूक आहे. अळी आत जाते हे खरं. काही आठवड्यांनी त्याच घरातून कुंभारीण बाहेर येते हेही खरं. मातीची भिंत मधलं दिसू देत नाही, एवढंच.

युरोपातही मधलं असंच भरून काढलेलं होतं. सर्सेरिस नावाच्या गांधिलीच्या बिळातले भुंगेरे आठवडे गेले तरी ताजे कसे राहतात? लेआँ द्यूफूर या मोठ्या कीटकतज्ज्ञाचं उत्तर होतं की गांधील त्यांना मारून न कुजू देणारा द्रव टोचते. फाब्रने १८५५ मध्ये दाखवलं की ते मेलेलेच नसतात. विष्ठा टाकतात, विजेचा झटका दिला की हलतात. छातीतल्या मज्जागाठींपाशी दंश करून त्यांना लुळं केलेलं असतं. त्याने स्वतः सुईने त्याच जागी अमोनियाचा थेंब टोचून निरोगी भुंगेरा लुळा करून दाखवला. मज्जागाठी अगदी जवळजवळ असलेले भुंगेरेच ती गांधील निवडते, म्हणजे एका दंशात काम होतं, हेही त्याचंच.

आता आपलं घरटं. डेल्टा वंशातली कुंभारीण, अळ्या साठवणारी. (कोळी साठवणारी लांब कमरेची दुसरी. तिचीही दोन घरटी आणली आहेत, तुलनेसाठी.) पहिलं घरटं जिन्यातल्या प्लास्टर केलेल्या भिंतीवरून काढलं आणि फुटलं. खरबरीत भिंतीवरचं घरटं अखंड निघत नाही. दुसरं ट्यूबलाईटच्या पट्टीवरून सुटलं, पण आणताना आडवं धरलं गेलं. आत अंडं छतापासून तुटून अळ्यांवर पडलेलं. दोन दिवसांत चिरडून गेलं.

अंडं छतालाच का, हे फाब्रने युमेनिस या तिकडच्या कुंभारिणीच्या घरट्याला खिडकी पाडून बघितलं होतं. या अळ्या पूर्ण लुळ्या नसतात, वळवळतात. ढिगावर ठेवलेलं अंडं एका वळवळीत फुटेल. म्हणून ते केसासारख्या धाग्याने वरून टांगलेलं असतं. आमच्या दुसऱ्या घरट्याचा अपघात म्हणजे त्याच विधानाचा उलटा पुरावा झाला, नको असताना.

२४ ऑगस्ट
तिसरं घरटं. खिडकीच्या काचेवर, कालच बंद केलेलं. ताजं कसं ओळखायचं : तोंडावरची माती बाकीच्या मातीपेक्षा गडद असते. काढायची पद्धत, आता ठरलेली :

सगळ्यात आधी पेन्सिलीने घरट्यावर वरच्या दिशेचा बाण. सुतळीचा एक फेरा, ती एकाने हलकी धरायची. पुट्टीचा पातळ पत्रा काचेला अगदी सपाट टेकवून खालून वर, करवतीसारखा नाही तर एकाच दिशेने सरकवायचा. सुटल्यावर घरटं ज्या कलात होतं त्याच कलात कापसाच्या घडीत बसवायचं. दुचाकीवरून आणायचं नाही. चालत.

खिडकी बाजूने, खालच्या अर्ध्या भागात, ८ मिलिमीटर. छताजवळ कधीच नाही. माती भिजवून मऊ करायचा मोह होतो, तो टाळायचा : ओल आत गेली की अळ्यांना बुरशी. कोरड्या मातीवर सुईने गोल रेघ कोरत न्यायची आणि शेवटचा पापुद्रा चिमट्याने बाहेर ओढायचा, आत ढकलायचा नाही. वर सूक्ष्मदर्शकाची २२ मिलिमीटरची कव्हर काच, कडेने वितळवलेलं मधमाशीचं मेण. झटपट चिकटणारा गोंद वापरून बघितला होता, त्याच्या वाफेने काच आतून पांढरी होते, आणि अळीला तो कितपत मानवेल हा प्रश्न वेगळाच.

घरटं स्टँडवर. स्टँडचे तिन्ही पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी. वर काळ्या कापडाची टोपी, बघायचं तेवढ्यापुरती उचलायची.

आत : हिरव्या अळ्या, दिसणाऱ्या सात. वर अंडं, पिवळट, किंचित बाक असलेलं, धाग्यावर. स्टँडला धक्का लागला की लंबकासारखं हलतं.

२६ ऑगस्ट
अंडं फुटलं. अळी अजून धाग्याच्या टोकाला, डोकं खाली. सर्वात वरच्या अळीच्या कुशीत तोंड. खालची वळवळली की ही वर आखडून घेते, शांत झालं की पुन्हा खाली उतरते. फाब्रचं वर्णन वाचताना यावर अतिशयोक्तीचा संशय आला होता. तो मागे.

२९ ऑगस्ट
धागा सोडला. आता ढिगातच खाते. ढिगात चार उरल्या.

३ सप्टेंबर
सगळं संपलं. आत डोक्यांच्या टोप्या आणि कातड्यांचे तुकडे. अळी भिंतींना आतून रेशमी अस्तर लावते आहे, कव्हर काचेलासुद्धा. काचेमागचं चित्र धूसर. उद्यापासून फोटोत फारसं काही मिळणार नाही.

१८ सप्टेंबर
पहाटे कुंभारीण बाहेर पडली, काच न फोडता, शेजारच्या मातीला भोक पाडून. अंडं दिसल्यापासून पंचवीस दिवस. खिडकीतले फोटो रोज सकाळी आठला, एकाच जागेवरून घेतले आहेत. त्यांची पट्टी करायची : डावीकडे आत कोंडलेल्या अळ्या, उजवीकडे बाहेर आलेली कुंभारीण, मध्ये बाकीचे. त्या टेबलावर मजकूर नको, फक्त तारखा.

२१ सप्टेंबर
रांगेने चालणाऱ्या अळ्या. ही पाइनवरची अळी आपल्याकडे नाही, म्हणून प्रतिकृती. फाब्रने ३० जानेवारी १८९६ ला त्या एका मोठ्या कुंडीच्या काठावर चढू दिल्या, काठावर वर्तुळ पुरं झाल्यावर बाकीच्या झाडून टाकल्या आणि खाली जाणाऱ्या रेशमी वाटा पुसल्या. अळ्या सात दिवस त्याच काठावर फिरल्या. त्याचा हिशेब : काठ १.३५ मीटर, वेग मिनिटाला सरासरी ९ सेंटिमीटर, चालण्याचे तास ८४, एकूण ४५३ मीटर, फेऱ्या ३३५.

हे आकडे प्रतिकृतीत तसेच ठेवले. घेर १.३५ मीटर म्हणजे व्यास ४३ सेंटिमीटर. मिनिटाला ९ सेंटिमीटर म्हणजे १५ मिनिटांत एक फेरी. त्यासाठी २८-बीवायजे-४८ स्टेपर मोटर, यूएलएन २००३ ड्रायव्हर, आर्डुइनो नॅनो. अर्ध्या पावलांच्या पद्धतीत एका फेरीला ४०९६ पावलं, म्हणून दोन पावलांत २२० मिलिसेकंद. दोन पावलांच्या मध्ये कॉइल बंद करायची, नाहीतर मोटर तासाभरात हात लावू देत नाही. चकती प्लायची केली होती, वजनाने मोटर पावलं चुकवत होती. आता सनबोर्डची कडी, खाली बॉलबेअरिंगची फिरती थाळी.

कार्डावर दुरुस्ती दिली आहे : फाब्रने सगळं श्रेय रेशमी वाटेला दिलं. नंतरच्या संशोधनात अळ्या रेशमापेक्षा पोटाच्या टोकाने सोडलेल्या गंधावर आणि पुढचीच्या केसांच्या स्पर्शावर जास्त चालतात असं दिसलं.

२८ सप्टेंबर
मंजिष्ठेचं कापड. फाब्रच्या पोटापाण्याचा हा भाग सहसा चरित्रात दोन ओळींत संपतो. आव्हिन्याँच्या शाळेतल्या पगारात भागत नव्हतं, म्हणून त्याने मॅडर या वनस्पतीच्या मुळांतून शुद्ध रंग काढायची पद्धत बसवली. कारखान्यात ती चालू होते न होते तोच जर्मनीत कृत्रिम अलिझरिन तयार झालं, १८६८ मध्ये, आणि काही वर्षांत मॅडरची शेतीच बसली. तिची इथली बहीण मंजिष्ठा, काष्ठौषधींच्या दुकानात किलोने मिळते.

१०० ग्रॅम सुती कापड, आधी २० ग्रॅम हिरड्याच्या पाण्यात रात्रभर, पिळून १५ ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात, मग १०० ग्रॅम मंजिष्ठेची पूड. तासभर ६५ अंशांवर. ७० च्या वर गेलं की लाल जाऊन तपकिरी येतो, पहिला तुकडा असाच गेला. बोअरचं जड पाणी इथे उपयोगी पडतं, त्यातल्या कॅल्शियमने लाल खुलतो. लोखंडी पातेलं नको. आपल्या मंजिष्ठेत अलिझरिन कमी असतं, म्हणून रंग थोडा नारिंगीकडे झुकतो.

५ ऑक्टोबर
चार फलक छापून आले. आयुष्याचा फलक एकच, तारखांचा : १८२३ सँ-लेआँ इथे जन्म, १८४२ कार्पांत्रात मास्तरकी, मग कॉर्सिका, मग आव्हिन्याँ. १८७० मध्ये मुलींच्या वर्गात फुलांच्या परागणावर शिकवलं म्हणून गदारोळ, नोकरी आणि घर दोन्ही गेलं, इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने ३,००० फ्रँक उसने दिले, ते पुढे फेडले. १८७७ मध्ये सोळा वर्षांचा मुलगा ज्यूल गेला. १८७९ ते १९०७ दहा खंड. १९१० मध्ये गौरव समारंभ, तेव्हा वय ८६. १९१५ निधन, सेरिन्याँ.

चुकांचा फलक ठेवायचा की नाही यावर बरीच चर्चा झाली. ठेवला. सिकाडा, म्हणजे झाडांवर किरकिरणारे किडे. त्यांच्या झाडाखाली गावची तोफ उडवून ‘ते बहिरे असावेत’ असं त्याने ठरवलं. सिकाडांना कान असतात, पोटाशी, आणि ते त्यांच्याच सुरांना लावलेले असतात. उत्क्रांती त्याने शेवटपर्यंत मानली नाही, आणि तरी डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पुढच्या आवृत्त्यांत त्याला अतुलनीय निरीक्षक म्हटलं. दंश प्रत्येक वेळी ठरल्या गाठीवरच बसतो हे त्याचं म्हणणंही पुढच्या निरीक्षकांना तितकं काटेकोर दिसलं नाही.

११ ऑक्टोबर
उघडलं. बिघाड : स्टेपरच्या अॅडॉप्टरची पिन दोनदा निघाली (टेबलाखाली मुलं). शेणकिड्यांच्या टेबलाशी वास येतो ही तक्रार, खरी आहे. गोठवलेलं शेण सकाळीच बाहेर काढल्यामुळे, उद्यापासून आदल्या रात्री काढून गच्चीवर सुटायला ठेवायचं. कुंभारिणीच्या पट्टीसमोर गर्दी थांबते, कारण लोक फोटो उजवीकडून डावीकडे पुन्हा बघत जातात. तिथलं टेबल भिंतीपासून दोन फूट पुढे घ्यावं.

१४ ऑक्टोबर
आवराआवर. शेणकिडे मखमलाबादला परत सोडले, सकाळी, ताज्या शेणाशेजारी. कुंड्यांतली माती चाळून बघितली, एक गोळा राहिला होता, तोही पुरला. जाळी-झाकणं सोड्याने धुऊन वाळवली. दोनांच्या कडा वाकल्यात, त्या पक्कडीने सरळ कराव्या लागतील.

जुलैतल्या मादीच्या अंड्यांतून वाढवलेल्या टसरचे चार कोश शिल्लक. हलवले, चारही जड वाजले. हे आता पुढच्या पावसापर्यंत उघडणार नाहीत. उत्तरेच्या खिडकीच्या वर, खिळ्याला, देठ वर करून टांगले. खाली चिठ्ठी : पंखा लावू नये. जूनमध्ये बघावं.